हळदीची प्रत कोण ठरवतं? दोन विषय एका वर्गात आणण्याबद्दल

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाळवा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तुम्ही रसायनशास्त्र शिकवता, नोकरीला चार वर्षं झाली आहेत. प्राचार्यांनी फर्मान काढलंय की प्रत्येक विभागाने दुसऱ्या एखाद्या विभागाबरोबर मिळून काहीतरी आंतरविद्याशाखीय करायचं. अर्थशास्त्राच्या मॅडम तयार आहेत आणि विषय हळद घ्यावा असं दोघांच्याही मनात आहे. तुमचे शब्द असे: 'यातून मुलांना खरंच काही मिळतं का, की नॅकच्या फायलीत आणखी एक फोटो लागतो?' (नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था.)

मी सांगलीत २६ वर्षं भूगोल शिकवतेय. असे उपक्रम चार वेळा केले. एक साफ आपटला, एक कसाबसा पार पडला, दोन चांगले झाले. आपटलेल्याबद्दल आधी सांगते, कारण तुमची गाडी त्याच वाटेनं निघालेली दिसते.

आम्ही तिघं होतो. भूगोलाची मी, एक इतिहासाचे सर, एक मराठीच्या बाई. विषय 'कृष्णा नदी'. तीस तास होते, ते आम्ही दहा-दहा वाटून घेतले. मी खोरं, उपनद्या आणि पाऊस शिकवला. सरांनी घाट, संस्थानं आणि १९२९ चा आयर्विन पूल शिकवला. बाईंनी नदीवरच्या ओव्या आणि कविता घेतल्या. कोणीही दुसऱ्याच्या तासाला बसलं नाही, कारण त्या वेळी आपला तास दुसऱ्या वर्गावर असायचा. परीक्षेच्या पेपरात अ, ब, क असे तीन विभाग केले आणि वर सूचना छापली, 'कोणतेही दोन सोडवा.' मुलं हुशार असतात. निम्म्याहून जास्त वर्गानं भूगोल सोडून दिला.

मराठीतली एक चांगली गोष्ट म्हणजे अशा प्रकाराला आपल्याकडे नाव आहे: वाटणी. चुलत्यांनी वावर वाटून घ्यावं तसा आम्ही विषय वाटून घेतला होता, मध्ये बांध घालून. तुम्ही लिहिलंय, 'कर्क्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा) भाग मी घेईन, बाजारभावाचा भाग मॅडम घेतील.' तोच बांध आहे हा.

म्हणून मला वाटतं, उपयोग आहे की नाही हा तुमचा खरा प्रश्न नाही. दोघांच्या मध्ये काय ठेवायचं, हा आहे. हळद हे विषयाचं नाव झालं. मध्ये ठेवायला एखादा असा प्रश्न लागतो, ज्याचं उत्तर दोघांपैकी एकालाही एकट्याला देता येत नाही. तो सापडला तर बाकीच्या अडचणी त्रासदायक असल्या तरी सुटतात. तो नसेल तर कितीही चांगले शिक्षक घ्या, वाटणीच होते.

आता जमलेल्या उपक्रमाबद्दल. २०१९ च्या पुरानंतरची गोष्ट. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना 'जेवलास का'च्या आधी 'आयर्विन किती?' विचारतात हे तुम्हाला माहीत आहेच. पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ ला पाणी ५३ च्या पुढे गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या पुढे. म्हणजे साधारण चार फुटांचा फरक. आम्ही प्रश्न असा घेतला: पुलावरचा आकडा चार फुटांनी वाढतो तेव्हा घराघरात नेमकं काय वाढतं? या वेळी दोनच शिक्षक होतो, मी आणि मराठीच्या त्याच बाई. संख्याशास्त्राच्या सरांना फक्त आकडे तपासायला बोलवायचं ठरलं होतं. मुलांच्या जोड्या केल्या, एक विज्ञानाचा आणि एक मराठीचा, आणि त्यांना नदीकाठच्या वस्तीत पाठवलं.

एका जोडीची गोष्ट सांगते. संख्याशास्त्राचा मुलगा फॉर्म आणि टेप घेऊन गेला होता. मराठीची मुलगी वही घेऊन. घरातल्या आजी म्हणाल्या की पहिल्या पुरात, म्हणजे २००५ ला, पाणी देवाच्या देवळीला, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्याला, लागलं होतं आणि या पुरात देवळीच्या फूटभर खालीच राहिलं. मुलानं टेप लावला. देवळी जमिनीपासून चार फुटांवर. फॉर्मात भरलं: २००५ ला चार फूट, २०१९ ला तीन फूट. वर्गात आल्यावर तो म्हणाला, 'मॅडम, हे घर काढून टाकू या यादीतून. आजींचं वय झालंय, त्यांची गफलत होतेय. आयर्विनला चार फूट जास्त आणि यांच्या घरात एक फूट कमी, असं कसं होईल?'

संख्याशास्त्राच्या दृष्टीनं त्याचं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांपेक्षा वेगळा पडणारा आकडा आधी संशयानं बघायचा, हे त्याला आम्हीच शिकवलेलं. पण मुलीनं आजींचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून घेतलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'तवा आमचं घर खाली हुतं.' मुलानं ते ऐकलं होतं, पण त्याला वाटलं खाली म्हणजे उताराला, नदीच्या बाजूला. फॉर्मात त्याला रकाना नव्हता म्हणून सोडून दिलं. मुलगी म्हणाली, आमच्याकडे घर खाली असणं म्हणजे जोतं, घराचा चौथरा, खाली असणं. दुसऱ्या दिवशी दोघं परत गेले. पहिल्या पुरानंतर घर पाडून नवं बांधलेलं, जोतं पाच फूट उचललेलं, आणि देवळी मात्र सुनेनं हट्टानं तेवढ्याच उंचीवर, उभं राहून दिवा लावता येईल अशी, करून घेतलेली.

आता फळ्यावर मांडलं. नवं जोतं पाच आणि त्यावर तीन, म्हणजे जुन्या जमिनीपासून आठ फूट. आधीचं चार. फरक चार फूट, आयर्विनच्या आकड्याशी बरोबर जुळणारा. वर्गात एकदम शांतता झाली. पाण्याची फूग, म्हणजे पाणी तुंबून चढणं, सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे इतकं चोख जुळणं हा थोडा योगायोगही होता, हे मी मुलांना सांगितलं. पण आजींची आठवण पक्की होती आणि आमचा फॉर्म कच्चा, एवढं तर नक्की.

त्यानंतर फॉर्ममध्ये एक रकाना वाढला: 'घर उचललंय का, कधी, किती?' आणि त्या रकान्यातून आम्ही विचारलाच नव्हता असा विषय निघाला. कोणी घर उचललं, कोणाला ते परवडलं नाही, भाड्याच्या घरातल्याचं जोतं कोण उचलणार? माझ्या भूगोलात पूररेषा ही नकाशावरची एक रेघ असते. तिच्या आतल्या दोन शेजारच्या घरांत पाच फुटांचा फरक असू शकतो, हे मी वीस वर्षं शिकवलं नव्हतं. मला ते एका मराठीच्या मुलीच्या वहीनं शिकवलं. तुम्ही 'मुलांना काय मिळतं' विचारलंत म्हणून सांगते, मुलांच्या आधी ते मला मिळालं. आणि शिक्षक वर्गात शिकताना दिसला की मुलांची बसण्याची पद्धत बदलते. याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण २६ वर्षं मी मुलांच्या माना बघितल्या आहेत.

तुमच्या हळदीकडे येते. 'सांगलीची हळद' म्हणून २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाजार जुना आहे, हे सगळं पहिल्या तासाला सांगून टाका, त्यावर वेळ घालवू नका. माझ्या मते तुमच्यासमोर प्रश्न तयार आहे: हळदीची प्रत कोण ठरवतं?

प्रत हा एक शब्द तीन माणसांच्या तोंडी ऐकून बघा. तुमच्या प्रयोगशाळेत प्रत म्हणजे कर्क्युमिन. पूड अल्कोहोलमध्ये काढायची, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंग किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ४२५ नॅनोमीटरला वाचायची, आकडा आला की विषय संपला. व्यापाऱ्याकडे प्रत म्हणजे हळकुंड हातात घेऊन मोडायचं, आवाज खणखणीत येतो का ऐकायचं, आतला रंग बघायचा, वरचं पॉलिश बघायचं, गड्डा (मधला गोल कंद) किती आणि हळकुंड किती ते बघायचं. शेतकऱ्याकडे प्रत म्हणजे शिजवून वाळवल्यावर वजन किती उतरलं आणि पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, किती आली. हळद शिजवताना आतला स्टार्च फुगून चिकट होतो, रंग सारखा पसरतो, कोंब मरतात, वाळायला वेळ कमी लागतो. हे तुमच्या विषयातलं. पण किती शिजवायची हे शेतकरी ठरवतो तेव्हा त्याच्या डोक्यात जळण, मजुरी आणि सौद्याचा दिवस असतो, आणि ते मॅडमच्या विषयातलं. ज्या हळदीला बाजारात भाव जास्त, तिच्यातच कर्क्युमिन जास्त असतं का? मला उत्तर माहीत नाही आणि मुलांना ते स्वतः काढता येईल. दहा-बारा नमुने, त्यांचा भाव आणि त्यांचं कर्क्युमिन एका आलेखावर मांडायचं. जुळलं तर का जुळलं, नाही जुळलं तर व्यापारी नेमके कशाचे पैसे देतो, यावर दोन तास सहज जातील. पिवळेपणाला पैसे मिळत असतील तर भेसळ पिवळेपणाचीच होणार, लेड क्रोमेटसारख्या विषारी रंगाची, हे मग कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

मध्येच सुचलं म्हणून सांगते, सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं मुलांना दाखवता आली तर जरूर दाखवा. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची, कारण आत हवा खेळत नाही. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नसे. काही वेळ तोंड उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. रसायनशास्त्राच्या किती मुलांनी ऑक्सिजनचा प्रयोग इतक्या खऱ्या कारणासाठी पाहिलाय? २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. मग साठवण गोदामात आणि शीतगृहात गेली, भाडं आलं, गोदामाच्या पावतीवर कर्ज आलं. म्हणजे रसायन, पूर आणि बँक एकाच खड्ड्यात.

दुसरी शंका तुम्ही दबक्या आवाजात विचारलीये: असं सगळं मिसळलं की विषय पातळ होत नाही का? होतो. मी या बाबतीत जुन्या वळणाची आहे. दामोदर कोसंबी मूळचे गणिती. प्राचीन नाणी तराजूवर तोलून, चलनात फिरताना नाणं किती झिजतं याचं गणित मांडून त्यांनी इतिहासाच्या अभ्यासाला नवा पुरावा दिला. त्यासाठी आधी रोजच्या चलनातली साधी नाणीसुद्धा तोलून बघितली. हे त्यांना जमलं कारण त्यांचं गणित पक्कं होतं. थोडं गणित, थोडा इतिहास येणाऱ्याला ते सुचलंही नसतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांवर हा प्रयोग करू नका. ज्यांना टायट्रेशनसारखं प्रयोगशाळेतलं साधं मोजमाप अजून जमत नाही त्यांना बाजारसमितीत नेऊन काय होणार? सहलच होणार. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी किंवा तिसऱ्या वर्षी करा. नवीन शैक्षणिक धोरणाच्या नावाखाली सगळंच सगळ्यांना थोडं थोडं देण्याचा जो उत्साह चाललाय, त्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण तो वेगळा विषय.

आता काही गोष्टी तुमच्या महाविद्यालयावर अवलंबून आहेत, त्यात मी इथून बसून निकाल देऊ शकत नाही. महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यासमंडळात मांडून छोटा कोर्स स्वतः करता येईल. विद्यापीठाशी संलग्न असेल तर नव्या कोर्सच्या नादी लागू नका, दोन वर्षं कागदावरच जातील. त्यापेक्षा आहे त्या चौकटीत बसवा. फील्ड प्रोजेक्टची क्रेडिट्स आहेत, ओपन इलेक्टिव्ह आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास मिळतात. एवढ्यात हळद आरामात बसते. वर्ग चाळीसचा असेल तर सगळे घ्या. एकशेवीसचा असेल तर पंचवीस जण निवडा आणि बाकीच्यांचा रोष पत्करा.

वर्कलोडचं काय, हा सगळ्यात अवघड भाग आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. दोघं एकाच वर्गात उभे राहिलात तर तो तास कागदावर एकाच्याच नावावर लागतो. आमच्याकडे तेव्हा दोघी एकत्र उभ्या राहतो म्हणून 'एक मॅडम रिकाम्या बसतात' अशी तक्रार वर गेली होती. तक्रार कोणी केली ते माहीत होतं, पुढची चार वर्षं त्यांच्याबरोबरच चहा प्याले. तुम्ही पर्मनंट असाल तर हे सोसता येतं. मॅडम तासिका तत्त्वावर असतील तर मात्र आधी नीट विचार करा, कारण त्यांचा न लागलेला तास म्हणजे न मिळालेले पैसे. अशा वेळी सगळे नाहीत, पण निदान चार-पाच तास दोघांनी एकत्र घ्यायचे आणि ते त्यांच्या नावावर लावायचे, असं लेखी करून घ्या. प्राचार्यांनीच सांगितलंय ना, मग सही त्यांचीच घ्या.

जोडीदार एकच ठेवा, तिसरा नको. याला शैक्षणिक कारण आहेच, पण एक व्यवहाराचंही आहे. पुढे यातून शोधनिबंध निघालाच, तर युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दोन लेखक असतील तर दोघांनाही ७०-७० टक्के गुण मिळतात. तिसरा आला की मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३०. मैत्री त्या ३० वर तुटलेली मी पाहिली आहे.

मूल्यमापनाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण खरं सहकार्य तिथे होतं. आम्ही ठरवलं की प्रत्येक अहवाल दोघींनी स्वतंत्रपणे वाचायचा, वीसपैकी गुण द्यायचे आणि मग वह्या समोरासमोर ठेवायच्या. बऱ्याच ठिकाणी एक-दोन गुणांचा फरक. एका अहवालाला मात्र मी सात दिले होते, बाईंनी चौदा. त्यात नकाशा नव्हता, प्रमाण नव्हतं, आकडे अर्धवट होते. पण एका नावाड्याची सलग मुलाखत होती, पाणी चढताना तो कोणत्या खुणा बघतो याची. मी म्हटलं, यात पुरावा कुठाय? बाई म्हणाल्या, हाच पुरावा आहे. पाऊण तास आम्ही भांडलो, स्टाफरूममधला चहा गार झाला. शेवटी अकरा दिले, पण गुणांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पुढच्या सत्रात मुलांना पहिल्याच दिवशी आम्ही दोघींच्या मते 'पुरावा' म्हणजे काय ते वेगवेगळं सांगितलं. तुमच्यात आणि अर्थशास्त्राच्या मॅडममध्ये हेच भांडण 'किंमत' या शब्दावरून होईल. होऊ द्या, आणि शक्य असेल तर मुलांसमोर होऊ द्या.

'सर, परीक्षेत काय येणार?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आधी तयार ठेवा. माझं असं होतं: एकच प्रश्न येईल, आणि तो दोन्ही वह्या उघडल्याशिवाय सुटणार नाही. अ, ब, क विभाग पुन्हा केले नाहीत.

यातून नोकरी मिळते का, टक्केवारी वाढते का? माझ्याकडे तसं सांगायला काही नाही. त्या जोडीतला मुलगा आता बँकेत आहे आणि मुलगी बी.एड. करून शिकवते. इतर मुलांचंही साधारण तसंच झालं असतं. फक्त तो मुलगा मध्ये भेटला तेव्हा म्हणाला, कर्जाच्या अर्जात एखादा आकडा विचित्र दिसला की खोटा म्हणण्याआधी मी माणसाला फोन लावतो.

तेव्हा सर, प्राचार्यांना सध्या फक्त 'विषय ठरतोय' एवढंच कळवा. अर्ज, उद्दिष्टं, निष्पत्तीचे तक्ते नंतर करा. नवी हळद जानेवारी-फेब्रुवारीपासून यायला लागते. त्या दिवसांत एकदा तुम्ही आणि मॅडम, मुलांना न घेता, सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी जाऊन या. कोणालाही प्रश्न विचारू नका, नुसते उभे राहा आणि कोण हळकुंड मोडतंय, कोण वास घेतंय, कोण काहीच न बघता बोली लावतंय ते बघा. येताना एसटीत दोघांनी आपापल्या वहीत 'मला न समजलेल्या पाच गोष्टी' लिहा आणि वह्या बदला. ज्या गोष्टी दोघांच्याही यादीत असतील, तिथून तुमचा कोर्स सुरू करा. आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका.